जास्वंदीचं साल

इंझोरीपलीकडच्या माळावर जो तांडा आहे, तिथे पोराचं वय विचारलं तर वर्षं कोणी सांगत नाही. "पोपटाच्या सालात रांगत होता," असं सांगतात. नाहीतर, "अननसाच्या सालात त्याचा दात पडला." नव्या माणसाला वाटतं, आपली थट्टा चाललीय. थट्टा नाही. पोपट, अननस, जहाजं ही तांड्यातल्या पोरांच्या बरमुड्यांवरची चित्रं. पोहरादेवीच्या दर जत्रेला एक चित्र, आणि त्या चित्रावरून त्या सालाचं नाव. कोरोनात जत्रा भरली नाही म्हणून बरमुडेही शिवले गेले नाहीत. ते साल तांड्याच्या पंचांगात बिनचड्डीचं साल म्हणून बसलं ते बसलंच.

यंदाचं साल जास्वंदीचं. त्याचं नाव आता तांड्यात कोणी घेत नाही.

या फॅशनची सुरुवात केली बाबूलालनं. बाबूलाल म्हणजे कमलीबाई आणि लखीराम यांचा एकुलता एक मुलगा. लग्नाआधी तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात कामाला गेला होता. तोवर तांड्यातल्या पोराची चड्डी म्हणजे शाळेची खाकी. ती बुडाशी विरली की ठिगळ, ठिगळ विरलं की शेतात घालायला, आणि शेतातही लाज वाटायला लागली की चुलीवरची भांडी उतरवायला. अशा तांड्यात बाबूलाल फाट्यावर एसटीतून उतरला तो गुडघ्याखाली येणाऱ्या, हिरव्यागार नारळांच्या बरमुड्यात. तांड्याचा नायक पारावर बसला होता. त्यानं वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं आणि म्हणाला, "काय बे बाबू, बायको नाई मिळाली तं तिचा घागरा-फेटियाच घालून आला काय?"

पोरी तोंडाला ओढणी लावून हसल्या. बाबूलाल काही ओशाळला नाही. "सुरतेत सेठचे पोट्टे घालतात," एवढंच म्हणाला आणि ऐटीत घरी गेला. महिन्याभरात हसणं बंद झालं आणि मागणं सुरू झालं. तो एक बरमुडा घरोघर फिरला. एका पठ्ठ्यानं तर तोच घालून मुलगी पाहायला जायचा हट्ट धरला आणि बापाच्या हातचा मार खाल्ला.

कमलीबाईकडे पायाची मशीन होती. तांड्याची पोलकी, पिशव्या, गोधड्या तीच शिवायची. तिनं एका दुपारी मुलाचा बरमुडा उसवला, तुकडे मांडीवर पसरून पाहिले आणि संध्याकाळपर्यंत परत शिवून टाकला. उसवल्याशिवाय शिवण कळत नाही, असं तिचं म्हणणं होतं. मग पडद्याच्या, पलंगपोसाच्या उरलेल्या कापडातून तिनं एकेक शिवायला घेतला. खिसे मात्र तिच्या मनाचे, कोपरापर्यंत हात जाईल एवढे खोल. पोराच्या खिशातलं पडलं तर बोंब आईच्याच नावानं होते, हे तिला माहीत होतं.

पण सगळ्यांना एकच चित्र, ही रीत जत्रेमुळे पडली.

शेजारच्या नानीबाईचा हरीओम तेव्हा लहान होता. आता त्याला मिसरूड फुटलंय. रामनवमीला पोहरादेवीत माणसाला माणूस लागतं; तेलंगणातून, कर्नाटकातून तांडेच्या तांडे येतात. त्या गर्दीत हरीओम हरवला. भोंग्यावरच्या माणसानं नानीबाईला विचारलं, "वर्णन सांगा बाई."

"सावळा हाये."

"इथी सगयेच सावळे हायेत. घातलं काय?"

"चड्डी."

"कोनत्या रंगाची?"

नानीबाईला आठवेना. सकाळी आपल्या हातानं घातलेली चड्डी, पण रंगच आठवेना. शेवटी ती रडकुंडीला येऊन ओरडली, "चड्डीच्याच रंगाची होती न बाप्पा!" दिवसभर तांडा वणवण फिरला आणि पोरगं सापडलं कुठे, तर त्याच भोंग्याच्या मंडपामागे, पोत्यांवर झोपलेलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सगळे हसले. कमलीबाई हसली नाही. पुढच्या जत्रेआधी ती इंझोरीच्या बाजारात गेली. तिथल्या इंद्रभान कापडवाल्याकडे एक ठाण कोपऱ्यात पडून होतं, पिवळ्यावर हिरवे पोपट, इतकं भडक की पलंगपोसालाही कोणी घेत नव्हतं. तिनं ते उचललं आणि तांड्यातल्या एकूण एक पोराला त्यातला बरमुडा शिवला. धनगर मेंढरांना गेरूचा ठिपका लावतो तसा. कुठूनही दिसावं, हे आपलं.

पोरींना का नाही, असं तिला कोणी विचारलं नाही आणि तिलाही सुचलं नाही. पोरी आयांच्या बोटाला असतात, असं सगळे म्हणायचे. खरं म्हणजे पोरगी हरवली तर बाई रडते आणि पोरगा हरवला तर घर बसतं, अशाच जगात कमलीबाई वाढली होती.

तिचा एक कायदा होता. जत्रेहून परतताना गाडीत पोरांची तोंडं मोजायची नाहीत. धुळीनं, गुलालानं, रडण्यानं सगळी तोंडं सारखीच होतात. चड्ड्या मोजायच्या. पोपटाच्या साली चड्ड्या मोजल्या, अननसाच्या साली मोजल्या, जहाजांच्या साली मोजल्या. एकदाही चूक झाली नाही. मग माणसाला वाटायला लागतं की चूक होऊच शकत नाही.

जहाजांच्या साली, म्हणजे गेल्या वर्षी, कोणीतरी मोबाईलवर चित्रण केलं. नगाऱ्यापुढे तांड्याची पोरं एका ओळीत नाचताहेत आणि सगळ्यांच्या ढुंगणावर तीच निळी जहाजं हलताहेत. ते चित्रण या फोनवरून त्या फोनवर फिरलं. यंदा होळी झाली आणि दुसऱ्या तांड्यांतल्या बाया कमलीबाईच्या दारी यायला लागल्या. "चड्डीवाल्या दादी तुमीच काय? आमच्या पोट्ट्यायलेबी तशाच शिवून द्या न."

कमलीबाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून "येऊ काय" विचारलं होतं. आता बाया तिच्या दारात विचारत होत्या. तिच्या बाजेवर बसत होत्या, तिच्या हातचा चहा पीत होत्या, शिवण उलटी करून पाहून "काय हात हाये वं!" म्हणत होत्या. उपाशी माणूस दिवस काढतं, पण कौतुकाची चटक वाईट. यंदाचं कापड होतं गर्द निळं, त्यावर तळहाताएवढ्या लाल जास्वंदी. बाया म्हणाल्या, हेच पाहिजे. इंद्रभानकडे बदकांचं होतं, पतंगांचंही होतं. पण हेच पाहिजे. कमलीबाईनं अख्ख्या ठाणाची जास्वंद कापली आणि तांड्याबाहेरच्या पोरांनाही वाटली.

लखीराम दारात तंबाखू मळत बसला होता. म्हातारा बोलायचा कमी. म्हणाला, "अवं, ज्याच्यासाठी शिवाले लागली तेच इसरली. सगयायनं तेच घातलं तं आपले कोनते न् दुसऱ्याचे कोनते?"

"आपलं लेकरू आपल्याले वळखू येत नाई काय?" मशीनचा पाय न थांबवता ती म्हणाली. "तुमी तमाखू मळा."

बोलणं तिला लागलं मात्र. आपल्या तांड्याच्या बरमुड्यांना खाली पांढरी किनार लावावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. एकाला लावूनही पाहिली. पण किनारीनं फुलं मारली जात होती. लाल फूल थेट काठापर्यंत यावं, त्यातच सगळी मजा होती. तिनं ती किनार उसवून टाकली.

नवीन म्हणजे बाबूलालचा मुलगा, तिचा नातू. आठवीतला नव्हे, आठ वर्षांचा. पण तोंड आठवीतलं. बाबूलाल आणि निता, म्हणजे सून, दिवाळीपासून ऊसतोडीला सांगलीकडे गेले होते. धाकट्या रुचिकाचं दूध नुकतंच सुटलं होतं, ती सोबत. नवीनला शाळेसाठी दादीपाशी ठेवलं होतं. कारखान्याचा पट्टा अजून पडला नव्हता, गाळप चालूच होतं, त्यामुळे यंदा त्यांना जत्रा चुकणार होती. जत्रेच्या आदल्या दिवशी नवीननं फोनसमोर उभं राहून, गिरक्या घेऊन आईला बरमुडा दाखवला.

"लयच चकाकून राह्यला बाप्पा," निता हसली. मग तिनं फोन सासूला द्यायला लावला; तिलाही ती याडी, म्हणजे आईच म्हणायची. "याडी, त्याले एकटा सोडू नोका. मले लय फिकर लागून राह्यते."

"माह्या चड्डीतलं पोट्टं हरवत नाई," कमलीबाई म्हणाली. "तू बिनघोर कोयता चालव."

जत्रेच्या दिवशी मदनसिंगच्या पिकअपमधून तांडा निघाला. मदनसिंग तांड्यातलाच, आणि पिकअप म्हणजे तांड्याची लग्नं, आजारपणं, बाजार सगळं वाहणारी. पोहरादेवीत पोचले तर सेवालाल महाराजांच्या दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. पांढरे झेंडे, नगारे, आगीवर तुपाचा वास. आणि जिकडे पाहावं तिकडे जास्वंद. रसवंतीपाशी जास्वंद, पाळण्यात जास्वंद, बापाच्या खांद्यावर जास्वंद. कमलीबाईचा ऊर भरून आला. नानीबाईला कोपरानं ढोसून ती म्हणाली, "पाह्य वं, माहाच हात दिसून राह्यला सगया जत्रेत."

दुपारी भोंग्यावर पुकारा झाला. निळ्यावर लाल फुलांचा बरमुडा घातलेला मुलगा सापडला आहे. थोड्या वेळानं परत, निळ्यावर लाल फुलांचा मुलगा हरवला आहे. नानीबाईनं कमलीबाईकडे पाहिलं. कमलीबाईनं मान फिरवून आपली पोरं पाहिली. सगळी समोर लापशी खात होती. "सापडतीन," ती म्हणाली.

उन्हं कलली तसे सगळे गाडीपाशी आले. गाडी रस्त्याकडेच्या रिकाम्या शेतात उभी होती. नवीननं तिच्या ओढणीचा पदर ओढला. "दादी, रुचीले पिपाणी घेतो. त्या समोरच्या दुकानातून."

"जाय. पन आताच्या आता येजो. गाडी निंघते."

तो गेला. तेवढ्यात पोलिसांच्या शिट्ट्या सुरू झाल्या. कुठल्याशा पाहुण्याची मोटार यायची होती, रस्ता मोकळा पाहिजे होता. "काढा गाड्या! चला, चला!" मदनसिंगनं घाईघाईनं गाडी सुरू केली. बाया चढल्या, पोरांना बकोटीला धरून वर फेकलं गेलं. कमलीबाई शेवटी चढली. पुढे, केबिनला लागून, पोत्यांवर एक जास्वंदीचा बरमुडा पालथा झोपला होता. डोक्यावर ओला दुपट्टा, तोंड पत्र्याकडे.

"नवीन आला वाटते," ती म्हणाली. "पडल्याबरोबर झोपला पाह्य." पाठीवर ऊन येत होतं म्हणून तिनं आपली ओढणी काढून त्याच्यावर घातली. मग चड्ड्या मोजल्या. बरोबर भरल्या.

"चाल मदनसिंग."

ती नेहमीसारखी मागच्या फाळक्यापाशी बसली, पोरं खाली पडू नयेत म्हणून. गाडी डांबरीवर आली, वेग धरायला लागली. मागे धुरळा उठला होता आणि त्यात एक पोरगं पळत येताना दिसलं. निळ्यावर लाल. एक हात वर, हातात काहीतरी. तोंड धुळीत दिसत नव्हतं.

"अवं, ते पाह्य," ती नानीबाईला म्हणाली. "तेबी आपलंच फूल. पाह्य कसं झळकते दुरून." तिला खरंच वाटलं, किनार लावली नाही ते बरं केलं.

नानीबाईनं डोळे बारीक केले. "गाडीमांगंच येऊन राह्यलं. थांबवाचं काय? दमलं दिसते."

"मांगून पोलीस वरडून राह्यले. त्याची मानसं असतीन तिथीच. कोनाचं तरी लेकरू हाये."

पोरानं हात हलवला. कमलीबाईनंही हसून हात हलवला. मग वळण आलं.

तांड्यात पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. पोरं टणाटण उड्या मारून उतरली. कमलीबाईनं आत वाकून पोत्यावरच्या पोराची पाठ थोपटली. "ऊठ राजा. घरी आज्यानं भाकर ठेवली असंन." ओढणी बाजूला झाली. पोरगं डोळे चोळत उठून बसलं. गोल तोंडाचं, वरच्या ओठावर जुनी खूण असलेलं, कधीही न पाहिलेलं पोरगं.

त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "माही याडी कुठी हाये?"

"तू कोन बे?" मदनसिंगनं विचारलं.

"अमरदीप," पोरगं म्हणालं. "मी आपल्याच गाडीत बसलो होतो. सगये हेच घालून होते न."

त्याचं काय चुकलं? त्यानंही चड्ड्याच पाहिल्या होत्या.

 आधी कमलीबाईनं तांड्यावरच्या पोरांकडे पाहिलं, परत एकदा पाहिलं. मग तिला मोजणी आठवली. मग पिपाणी आठवली. आणि मग धुरळ्यातला तो वर केलेला हात आठवला, आणि ती फाळक्यापाशी मटकन खाली बसली. नानीबाईच्याही त्याच वेळी ध्यानात आलं असावं, कारण तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं.

"मदनसिंग, गाडी फिरव," लखीराम दारातून म्हणाला. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

नवीन जत्रेपासून फार दूर नव्हता. वळण संपून ओढ्यावरचा रपटा लागतो, तिथवर पळत आला होता. मागून एक गाडी आली आणि ठोकून निघून गेली. कोणती, कोणाची, कोणीच पाहिली नाही. लोकांनी उचलून सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तिथे न्यायचं काही उरलं नव्हतं. पांढऱ्या चादरीखालून दोन पाय बाहेर होते आणि गुडघ्यावर लाल फूल, थेट काठापर्यंत.

दारावरचा शिपाई थकलेला होता. "तुमचं आहे का, नीट पाहा," तो म्हणाला. "भोंग्यावर चड्डीचं वर्णन सांगितलं तर बऱ्याच बाया धावत आल्या. सगळ्या रडतच आल्या. एकेकीनं तोंड पाहिलं, हात जोडले आणि गेल्या. आता तुम्ही."

कमलीबाईनं चादर उचलली. तिला हात जोडता आले नाहीत. शिपायानं नंतर एक पिशवी दिली. तिच्यात पिपाणी होती, चेपलेली. लाल रंगाची.

बाबूलालला फोन मदनसिंगनंच केला. खरं सांगायची त्याची छाती झाली नाही. "पोट्ट्याले लागलं हाये. मिळंन त्या गाडीनं या," एवढंच म्हणाला. वाईट बातमी अर्धीच सांगायची, ही आपल्याकडची जुनी खोड. उरलेली अर्धी माणसाला रस्ताभर कुरतडत राहते, याचा विचार कोणी करत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवीनला आणून अंगणात ठेवलं, कापडात गुंडाळून. लग्न न झालेल्याला अग्नी देत नाहीत. माळाच्या कडेला खड्डा खणायला माणसं गेली होती. नानीबाई घरोघर फिरली आणि पोरांच्या अंगावरचे जास्वंदीचे बरमुडे काढायला लावले. शाळेच्या खाकी चड्ड्या परत बाहेर आल्या. एक अमरदीप तेवढा राहिला. त्याच्या मापाचं दुसरं काही कोणी आणून दिलं नाही आणि त्याच्याकडे पाहायचंही कोणाला होत नव्हतं. त्याला रात्री नानीबाईनं जेवू घातलं होतं. तो नवीनपासून थोडा दूर, भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला होता.

ऊन चढल्यावर त्याची आई आली. रुख्मिणी तिचं नाव, मानोऱ्याकडच्या तांड्यातली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. पोराला तिनं छातीशी धरलं, मारलं, परत धरलं. तिथे मयत झालंय हे तिच्या ध्यानात आलं नाही. आपलं सापडलं की माणसाला दुसरं दिसत नाही. ती सरळ येऊन कमलीबाईच्या पायाशी वाकली.

"चड्डीवाल्या दादी न तुमी? तुमच्या चड्डीनंच पोट्टं भेटलं माहं. काल दवाखान्यातबी जाऊन आली मी, तिथी एक लेकरू..." ती क्षणभर थांबली. "माहं नव्हतं. देवाचे पाय धरले. मंग लोकायनं सांगतलं, ते फूल इंझोरीकडच्या तांड्याचं हाये, तिथी जाऊन पाह्य. तुमचे उपकार कसे फेडू मी?"

नानीबाईनं तिला दंडाला धरून बाजूला नेलं आणि कापडाकडे बोट दाखवलं. रुख्मिणीनं ते पाहिलं, मग कमलीबाईकडे पाहिलं. मग ती तिथेच मातीत बसली आणि उठायचं नावच घेईना. अमरदीप परत भिंतीकडे जाऊन बसला.

दुपारी फाट्यावर जीप थांबली. निता पुढे आली, रुचिका बाबूलालच्या कडेवर. पायवाटेनं येताना तिला अंगणातली गर्दी दिसली असणार, कारण ती मध्येच थांबली. मग तिला भिंतीपाशी बसलेलं पोरगं दिसलं. पाठमोरं. निळ्यावर लाल फुलं, फोनवर पाहिलेली.

"नवीन!" ती ओरडली आणि पळत सुटली. "अरे माह्या राजा! कुठी लागलं रे तुले?"

तिला कोणी अडवलं नाही. अडवायला सुचलंच नाही कोणाला. तिनं पोराला पाठीमागून मिठी मारली, त्याच्या डोक्यात तोंड खुपसलं, त्याचे हातपाय चाचपून पाहिले, कुठे मोडलं नाही म्हणून हसलीसुद्धा. अमरदीप घाबरून आकसला आणि त्यानं मान वळवली.

नितानं त्याचं तोंड पाहिलं. हात आपोआप सुटले. मग तिची नजर पोरावरून कापडाकडे गेली. कापड लहान होतं. बाबूलालनं रुचिकाला खाली ठेवलं आणि तो तसाच उभा राहिला.

त्या दुपारचा आकांत सांगण्यासारखा नाही. ज्यानं तो ऐकला, त्याच्या कानातून तो निघणार नाही आणि ज्यानं ऐकला नाही, त्याला सांगून उपयोग नाही.

खड्ड्याकडे नेण्याआधी निता शांत झाली. आवाजच गेला होता तिचा. तिनं एकच गोष्ट विचारली, सगळ्यांना मिळून विचारली. "त्याले शेवटी कोनं पाह्यलं?"

मदनसिंग खाली पाहत राहिला. नानीबाईनं पदर तोंडात कोंबला. कोणी सांगणार नव्हतं. तांड्यानं ते आपसात न बोलताच ठरवून टाकलं होतं. म्हातारीवर आणखी काय घालायचं? नानीबाईनं तर सकाळीच शपथ वाहिली होती की मागे कोणी पळताना आपण पाहिलंच नाही. कमलीबाई गप्प राहिली असती तर ती गोष्ट नवीनसोबत मातीत गेली असती. लखीराम तिच्याकडे पाहत होता. त्याची मान किंचित हलली, नको, अशी.

"म्या पाह्यलं," कमलीबाई म्हणाली.

निता तिच्याकडे वळली.

"गाडीमांगं पळत येत होता. त्यानं हात केला. म्याबी केला." तिचा हात बोलता बोलता वर आला आणि तसाच राहिला. "नानी म्हने, थांबू. म्याच नाई थांबू देल्लं. पोत्यावर झोपला तो नवीन हाये, असं समजली मी. मले वाटलं, कोनाचं तरी लेकरू हाये."

 भिंतीपाशी रुख्मिणीनं अमरदीपला जवळ ओढून त्याचा बरमुडा आपल्या पदराखाली झाकला. नितानं बराच वेळ सासूच्या त्या वर राहिलेल्या हाताकडे पाहिलं.

"कोनाचंबी असतं याडी," ती म्हणाली, "तरी थांबाचं होतं."